बकेट पालथी होती का? ट्रॅक्टरच्या लोडरने जमीन सारखी करताना

कांदाचाळीपुढच्या मोकळ्या जागेत मुरमाचे ढीग पडले होते. फेब्रुवारी संपत आला होता आणि उन्हाळ कांद्याच्या ट्रॉल्या यायच्या आत ती जागा सारखी करून घ्यायची होती. ढीग फोडून झाले, पसरून झाले, शेवटचा हात फिरवायचा तेवढा राहिला. ट्रॅक्टरच्या पुढे लावलेल्या लोडरची बकेट पुढे पूर्ण पालथी केली, तिच्या तोंडाची धार म्हणजे पातं जमिनीला लावलं आणि रिव्हर्स टाकून ओढत मागे निघालो. मागे सुंदर सपाट पट्टा पडत होता. मग मुरमाखालच्या एका दगडाला पातं अडलं. झटका बसला, पण तसे झटके शेतात रोज बसतात. खाली उतरून पाहिलं तर तेलाच्या दाबाने बकेट फिरवणाऱ्या उजव्या जॅकचा रॉड धनुष्यासारखा वाकलेला.

मेकॅनिकला फोन केला. दगड केवढा होता हे त्याने विचारलं नाही, ट्रॅक्टर किती एचपीचा हेही नाही. त्याने एवढंच विचारलं, "बकेट पालथी होती का?"

आता कुणालाही लोडर शिकवायचा झाला तर मी याच प्रश्नापासून सुरुवात करतो. मुरूम ओढणं हे लोडरसाठी जड काम नाहीच. तोच मुरूम, तोच ट्रॅक्टर आणि तोच दगड असता, पण बकेट सपाट असती, तर तो रॉड बहुतेक सरळ राहिला असता. सगळा फरक कोनाचा, आणि तो कोन तुम्ही सीटवर बसल्या बसल्या एका लिव्हरने बदलू शकता. पण कोन का महत्त्वाचा हे डोक्यात बसलं नसेल तर घाईच्या वेळी हात पुन्हा जुन्याच सवयीने बकेट पालथी करतो. म्हणून आधी कारण समजून घेऊ.

खांदा, मनगट आणि चार जॅक

लोडरला आपल्या हातासारखं समजा. ट्रॅक्टरच्या दोन्ही बाजूंनी पुढे आलेले लोखंडी बूम म्हणजे हात. ते जिथे ट्रॅक्टरच्या चौकटीला पिनेने जोडलेले असतात तो खांदा. बूमच्या टोकाला बकेट जोडलेली असते ते मनगट. खांद्यावर काम करणारे दोन जॅक हात वर-खाली करतात, मनगटावरचे दोन जॅक बकेट फिरवतात. मोडतोड बहुतेक वेळा या मनगटाच्या जॅकांची होते.

बकेट मागे वळवून माती उचलली की मनगटाचे रॉड जॅकच्या नळीत आत जातात. माती ओतायला बकेट पालथी केली की तेच रॉड पूर्ण बाहेर येतात. ट्रॅक्टरच्या बहुतेक लोडरांची रचना अशीच असते. आत असलेल्या रॉडला जाड नळीचा आधार असतो. पूर्ण बाहेर आलेला रॉड म्हणजे उघड्यावर उभी राहिलेली लांब, बारीक काठी.

आता खराट्याचा एक हीर घ्या. त्याचा बोटभर तुकडा तोडून दोन बोटांत उभा धरा आणि दाबा. तो बोटाला टोचेल, पण वाकणार नाही. मग पूर्ण लांबीचा हीर तसाच उभा धरून दाबा. जरा जोर लावला की तो मधून बाजूला फुगतो. हीर तोच आणि त्याची जाडीही तीच, बदलली ती फक्त लांबी. लिओनहार्ड ऑयलर या गणितज्ञाने १८व्या शतकात याचा नियम मांडला. लांबी दुप्पट झाली की दाब सोसायची ताकद निम्मी होत नाही, ती पाव होते. उलट जाडी थोडी वाढली तरी ताकद झपाट्याने वाढते. २५ मिलिमीटरच्या रॉडऐवजी ३० मिलिमीटरचा घेतला तर वाकण्याआधी तो जवळपास दुप्पट दाब सोसतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. हा नियम दाबाचा आहे, ताणाचा नाही. हीर दोन्ही टोकांनी ओढा, लांब असो की आखूड, तो तसा फुगणार नाही. मग पालथ्या बकेटने माती मागे ओढताना रॉडवर ताण येतो की दाब? आपण ट्रॅक्टर मागे नेतोय, म्हणजे ताणच येणार असं पटकन वाटतं. मलाही तसंच वाटायचं.

मागे ओढताना रॉड दाबला कसा जातो

फावडं उभं धरलंय अशी कल्पना करा. दांड्याचा मधला भाग एका हाताने पक्का धरलाय आणि खालचं पातं कुणीतरी पुढे ओढतंय. पातं पुढे गेलं की दांड्याचं वरचं टोक मागे, तुमच्या छातीकडे येणार. पालथ्या बकेटचं हेच होतं. मधली पकड म्हणजे मनगटाची पिन. ट्रॅक्टर मागे जातो तेव्हा जमीन किंवा दगड पात्याला पुढे धरून ठेवतो. त्यामुळे बकेटचा वरचा भाग ट्रॅक्टरच्या दिशेने ढकलला जातो. आणि त्या वरच्या भागालाच जॅकचा रॉड जोडलेला असतो. म्हणजे रॉड आत दाबला जातो, आणि तोही पूर्ण बाहेर आलेला असताना, म्हणजे सगळ्यात कमकुवत स्थितीत.

किती दाब येतो हे लोडरच्या मापांवर अवलंबून आहे. समजण्यासाठी साधे आकडे धरू. पालथ्या बकेटचं पातं पिनेच्या खाली ६० सेंमीवर आहे आणि जॅकची रेषा पिनेपासून १५ सेंमीवरून जाते. ही तरफ झाली. ६० भागिले १५ म्हणजे चार. पात्यावर १ टनाचा अडथळा आला की जॅकांवर ४ टन. दोन जॅकांत वाटला तर प्रत्येकी २ टन, आणि दगड एका कोपऱ्यालाच अडला असेल तर त्यातला मोठा वाटा त्याच बाजूच्या जॅकवर.

आता बकेट सपाट करा. तिचा तळ जमिनीला समांतर आला की पातं पिनेच्या जेमतेम १० सेंमी खाली राहतं. जॅकची रेषाही पिनेपासून थोडी लांब जाते, समजा २० सेंमी. १० भागिले २० म्हणजे अर्धा. तोच १ टनाचा अडथळा, पण जॅकांवर आता अर्धाच टन. दाब आठपट कमी झाला आणि रॉडही बराचसा नळीच्या आधाराला गेला. मेकॅनिकला दगडाचं माप का विचारावं लागलं नाही ते यात आहे.

बरेच जण इथे विचारतात, "जास्त दाब आला तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडेल ना?" जास्त झालेला दाब सोडून देणारा हा व्हॉल्व्ह साधारणपणे पंपाच्या बाजूला असतो. तुम्ही लिव्हर हलवत असता तेव्हा तो पंप आणि पाईप सांभाळतो. पण लिव्हर मधल्या जागी असताना जॅककडे जाणाऱ्या दोन्ही वाटा बंद असतात. तेल आतच अडकतं, आणि तेल जवळजवळ दाबलं जात नाही. बाहेरून आलेला धक्का त्या अडकलेल्या तेलावर आदळतो, ते हलत नाही, मग रॉड हलतो. काही लोडरांत जॅकच्या लाइनवर वेगळा रिलीफ व्हॉल्व्ह दिलेला असतो. लोडर घेताना तो आहे का हे विचारून घ्यावं, पण त्याच्या भरवशावर बकेट पालथी करून ओढू नये.

वेगाचा हिशेब

ट्रॅक्टर आणि लोडर मिळून २५०० किलो धरू. ताशी ७ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला २ मीटर वेगाने चालताना पातं खडकाला अडलं आणि ट्रॅक्टर १० सेंमीत थांबला, तर तो थांबवायला साधारण ५ टनांचा जोर लागतो. वेग निम्मा केला तर जोर निम्मा नाही, पाव होतो, म्हणजे सव्वा टन. ताशी साडेतीन किलोमीटर म्हणजे माणसाच्या रमतगमत चालण्याचा वेग. लो गिअर, कमी रेस, पाय क्लचजवळ.

दोन्ही हिशेब एकत्र करून पाहा. जोरात आणि पालथ्या बकेटने: ५ टन गुणिले चार, जॅकांवर २० टन. हळू आणि सपाट बकेटने: सव्वा टनाचा निम्मा, सव्वासहाशे किलोच्या आसपास. बत्तीस पट फरक. हा कागदावरचा हिशेब आहे. प्रत्यक्षात टायर दबतात, दगड सरकतो, बूम थोडा झुलतो. पण फरक कोणत्या जातीचा आहे हे त्यातून कळतं. ड्रायव्हरच्या हातातल्या दोनच गोष्टी, कोन आणि वेग, लोडरचं आयुष्य ठरवतात.

फ्लोट म्हणजे काय

लोडरच्या लिव्हरला वर, खाली आणि मधली अशा तीन जागा असतात हे सगळ्यांना माहीत असतं. बऱ्याच लोडरांत चौथीही असते. लिव्हर 'खाली'च्याही पुढे ढकलली की ती खट्कन अडकून राहते. तो फ्लोट. या जागेवर बूमच्या जॅकच्या दोन्ही बाजूंचं तेल टाकीला मोकळं जोडलेलं असतं. जॅक दाबतही नाही आणि धरूनही ठेवत नाही. बूम आणि बकेट फक्त आपल्या वजनाने जमिनीवर टेकतात, उंचवटा आला की वर होतात आणि खळगा आला की खाली.

बैलांच्या केणीने ज्यांनी माती ओढलेली पाहिली आहे त्यांना हे चटकन कळेल. केणी धरणारा माणूस ती सगळा वेळ दाबून धरत नाही. पातं दगडाला लागलं की हात सैल सोडतो, केणी दगडावरून उचलली जाते आणि पलीकडे पुन्हा टेकते. फ्लोट म्हणजे तो सैल सोडलेला हात.

शेवटचा हात फिरवताना म्हणून असं करावं. बकेट जमिनीवर सपाट टेकवा. मग पातं किंचित खाली झुकवा, १० ते १५ अंश, त्याहून जास्त नाही. लिव्हर फ्लोटमध्ये टाका आणि हळू मागे या. गवंडी गिलाव्यावर थापी फिरवताना जसा तिचा पुढचा काठ जरासा उचललेला ठेवतो, तशीच ही बकेट मागे येते. तळाचा ट्रॅक्टरकडचा काठ, म्हणजे टाच, किंचित वर आणि पातं मागून घासत. सुटी माती तळाखाली शिरते, दाबली जाते आणि पसरते. थापी उभी धरली तर ती गिलावा खरवडते. बकेटही उभी केली की खरवडू लागते, आणि सगळं लफडं तिथे सुरू होतं.

फ्लोटबद्दल एक इशारा, आणि तो मी फार गांभीर्याने देतो आहे. बकेट वर उचललेली असताना लिव्हर फ्लोटमध्ये टाकायची नाही. तेल मोकळं सुटतं आणि बूम आपल्या पूर्ण वजनाने खाली येतो. खाली कुणी उभं असेल तर त्याला हलायलाही वेळ मिळत नाही. आधी बकेट जमिनीला टेकवायची, मगच फ्लोट.

ज्या लोडरला फ्लोट नाही, त्यावर बूम खाली नेताना घाई करू नये. पातं टेकलं की लिव्हर लगेच मधे आणायची. खाली दाबत राहिलं तर पुढची चाकं उचलली जातात. मग स्टीअरिंग हाती राहत नाही, आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या अंगाचं सगळं वजन पात्यावर येऊन घर्षण कितीतरी वाढतं. काही जण मुद्दाम असं दाबून माती ओढतात, कारण त्यामुळे पातं जास्त चावतं. ते चावणं जॅकच्या पिना आणि बुशांच्या जिवावर होतं.

जमिनीवर लाटा का पडतात

पहिल्यांदा लोडर हातात घेणाऱ्याची जमीन सपाट होत नाही, तिच्यावर लाटा पडतात. वाटतं की हात बसलेला नाही. हाताचा दोष थोडा असतो, जास्त दोष ट्रॅक्टरच्या लांबीचा.

बकेट पुढच्या चाकांच्याही बरीच पुढे असते. पुढच्या आणि मागच्या चाकांत २ मीटर अंतर आहे आणि पातं पुढच्या चाकांच्या दीड मीटर पुढे आहे असं धरा. पुढची चाकं १० सेंमीच्या उंचवट्यावर चढली की पातं १० नाही, साडेसतरा सेंमी वर जातं. चाकं खड्ड्यात गेली की पातं तेवढंच खोल घुसतं. पुढे जाताना आपण कापलेल्या जागेवरूनच आपली चाकं जातात. पात्याने इथे एक छोटी चूक केली की दीड मीटर पुढे गेल्यावर चाकं त्या चुकीवरून जातात आणि पातं पुढे तीच चूक मोठी करून उमटवतं. लिव्हर सतत वर-खाली करून ती दुरुस्त करायला गेलात तर लाटा आणखी वाढतात, कारण हात नेहमी थोडा उशिरा पोचतो.

मागे येताना हे उलटं होतं. चाकं आधी जातात, बकेट शेवटी. चाकांचे ठसे बकेट पुसत येते, आणि फ्लोटमुळे ट्रॅक्टर डुलला तरी बकेट जमीन सोडत नाही. म्हणून कापायचं आणि वाहून न्यायचं काम पुढे जाताना, सारखं करायचं काम मागे येताना. आणि प्रत्येक फेरी एकाच दिशेने मारू नये. एकदा उभ्या फेऱ्या झाल्या की पुढच्या आडव्या किंवा तिरक्या माराव्यात, म्हणजे राहिलेल्या लाटा कापल्या जातात.

सुरुवात चालण्याने

ट्रॅक्टर चालू करण्याआधी त्या जागेवर पायी फिरा. पहार घेऊन फिरा. जिथे शंका येते तिथे टोचून बघा. जुन्या झाडाची मुळं, गोठ्याचा जुना पाया, पाइपलाइन, विजेची केबल, बांधातून सरकलेला दगड. आपल्या दख्खनच्या जमिनीत काळ्या मातीखाली खडक कुठे वर आला असेल सांगता येत नाही. मोठा दगड सापडला तर तो बकेटच्या एका कोपऱ्याने उपटू नये. कोपऱ्यावर जोर आला की दोन्ही बूम पिळले जातात आणि लोडरची चौकट कायमची वाकडी होऊ शकते. मग बकेट सपाट ठेवली तरी एक बाजू खोल कापते, दुसरी टेकतच नाही. दगड पहारीने मोकळा करा, साखळीने मागच्या ड्रॉबारला, म्हणजे ओढायच्या खालच्या पट्टीला, बांधून ओढा. ट्रॅक्टरची खरी ताकद मागे आहे.

हा मुद्दा थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण गावात कोणतंही खोदणारं यंत्र दिसलं की आपण त्याला जेसीबी म्हणतो. ती जोसेफ सिरिल बॅमफोर्ड या इंग्रज उद्योजकाची आद्याक्षरं. त्या जातीच्या यंत्राची चौकट, पुढचा आस, जॅक हे सगळं खोदण्यासाठीच आखलेलं असतं. ट्रॅक्टर ओढण्यासाठी आखलेला असतो. त्याला पुढे लोडर लावला म्हणून तो जेसीबी होत नाही. जेसीबीने केलेलं काम पाहून ट्रॅक्टरकडून तेवढीच अपेक्षा ठेवली की आधी पुढच्या आसाचे बेअरिंग आणि स्टीअरिंगचे जोड बोलू लागतात.

मग दोरी. डोळ्यांवर विश्वास ठेवून जमीन सपाट होत नाही, निदान माझी तरी कधी झाली नाही. चार खुंट्या ठोका आणि गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी आणून उंची घ्या. चाळीपुढची किंवा घरापुढची जागा अगदी सपाट नकोच. १० मीटरला १५ सेंमी उतार हवा, तोही भिंतीपासून बाहेरच्या बाजूला. शेतरस्ता असेल तर मध्य उंच आणि दोन्ही कडा खाली. ३ मीटर रुंदीच्या रस्त्याचा मध्य कडांपेक्षा ६ सेंमी वर ठेवला तरी पाणी चाकोऱ्यांत साचत नाही. सपाट केलेल्या रस्त्याची पहिल्याच पावसात गटारं झालेली तुम्ही पाहिली असतील. तिथे बहुतेक वेळा मध्य उचलायचा राहिलेला असतो.

वाफसा

जमीन कधी हलवायची, याला मराठीत इतका नेमका शब्द आहे की त्यावर वेगळं शास्त्र लिहायला नको. वाफसा. मूठभर माती घट्ट दाबा. लाडू झाला आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडल्यावर फुटला, तर काम सुरू करा. लाडू झालाच नाही तर माती कोरडी आहे. काळ्या मातीची मग दगडासारखी ढेकळं निघतात, पातं त्यांवरून उड्या मारतं आणि प्रत्येक उडीचा धक्का पिनांना बसतो. लाडू खाली पडून थापीसारखा चपटा झाला तर माती ओली आहे. ती बकेटला चिकटते, आणि चिकटलेली माती झटकायला माणूस बकेट पालथी करून आदळतो. जॅक शेवटपर्यंत नेऊन आदळणं हा रॉड आणि जॅकमधलं तेल अडवणारं सील बिघडवायचा आणखी एक मार्ग. चिकटलेली माती फावड्याने काढा. दोन मिनिटं जातात.

ओल्या काळ्या मातीवर लोडर चालवण्याचा दुसरा तोटा जमिनीला होतो. बकेट भरली की पुढच्या अरुंद टायरांवर मोठा भार येतो, आणि ओली चिकण माती त्या भाराखाली आवळून जाते. ती जागा पिकाखाली येणार असेल तर पुढच्या हंगामात तिथे मुळं खाली जात नाहीत आणि पाणी वरच साचतं. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते, त्यामुळे अंगण किंवा रस्ता थेट काळ्या मातीवर टिकत नाही. वरची काळी माती काढून कडेला ढीग करा, खाली मुरूम भरा. मुरूम एकदम फूटभर ओतू नका. १०-१५ सेंमीचा थर, त्यावर पाणी, त्यावर रोलर, मग पुढचा थर. जाड थर वरून कडक दिसतो, आत पोकळ राहतो आणि पहिल्या पावसात खचतो. काढून ठेवलेली माती टाकून देऊ नका, ती शेतातल्या उथळ जागी न्या. वरच्या त्या वीतभर मातीतच जमिनीचा कस असतो. सपाटी करताना ती खाली गाडली गेली तर शेत दिसायला सुंदर होतं आणि पीक तेवढ्या पट्ट्यात पिवळं पडतं.

प्रत्यक्ष काम

उंचवटे कापताना बकेट सपाट, पातं अगदी किंचित खाली. बोटभर जाडीचा पापुद्रा निघावा एवढंच. एका फेरीत वीतभर कापायची हाव धरली की पातं आत घुसतं, चाकं घसरतात आणि मग रेस वाढवून ढकलायचा मोह होतो. चाकं घसरली याचा अर्थ बकेट थोडी वर घ्या, एवढाच. कडक जागा असेल तर आधी मागच्या कल्टिव्हेटरने ती फोडून घ्या आणि मग बकेट लावा. यात वेळ जात नाही, उलट वाचतो. बकेट सैल माती हलवण्यासाठी आहे, घट्ट जमीन फोडण्यासाठी नाही.

खळगे भरताना बकेट अर्धीच भरा. खळग्याजवळ जाऊन ती जमिनीपासून वीतभर उंचीवर धरा आणि हळू मागे येत थोडी थोडी ओता. एकाच जागी ढीग ओतला की तो पसरायला पुन्हा चार फेऱ्या. खळगा भरताना जराशी जास्त माती ठेवा, कारण ती बसणार आहे.

बकेटला दात असतील तर मागे ओढताना जमिनीवर चर पडतात. दातांवर बसेल असं लांब अँगल किंवा चॅनेल नट-बोल्टने पक्कं आवळून घ्या. साखळीने लोंबकळत बांधू नका, ते अडकतं. पात्याची पट्टी बोल्टची असेल तर एक कड झिजल्यावर ती उलटी लावता येते का हे बघा. पट्टी झिजून बकेटचा मूळ पत्रा जमिनीला घासू लागला तर पुढे पट्टी बदलून भागत नाही, बकेटचं तोंडच बदलावं लागतं.

वजनाचा तोल हा वेगळाच विषय आहे, पण दोन वाक्यं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पुढचा आस मध्ये एका पिनेवर डुलतो, त्यामुळे बाजूचा तोल खरं तर मागची चाकंच सांभाळतात. भरलेली बकेट उंच धरून उतारावर वळलात तर ट्रॅक्टर कुशीवर पडतो, आणि तेव्हा सावरायला संधी मिळत नाही. बकेट भरली की गुडघ्याच्या खाली ठेवा. मागच्या चाकांत पाणी भरा किंवा मागे वजन लावा. किती लावायचं ते लोडरच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. आणि रिव्हर्स फेऱ्या मारायच्या असतील तेव्हा त्या जागेत पोरं, कोंबड्या, जनावरं कुणीच नको. चाळीचं अंगण सारखं होताना बघायला अर्धं गाव जमतं. त्यांना हात जोडून लांब उभं करा.

पेरणीचं शेत पाटपाण्यासाठी एकसारखं करायचं असेल तर मात्र लोडर बाजूला ठेवा. मागची फळी किंवा भाड्याने मिळणारा लेझर लेव्हलर हे त्या कामाचं अवजार. काही सेंटिमीटरांच्या फरकाने पाणी एका वाफ्यात तुंबतं आणि दुसऱ्यात पोचत नाही. तेवढी अचूकता बकेटच्या पात्यातून येत नाही, कितीही जपून चालवली तरी.

संध्याकाळी

काम संपलं की बकेट जमिनीवर सपाट टेकवा, इंजिन बंद करा आणि लिव्हर एक-दोनदा पुढे-मागे हलवून पाइपांतला दाब सोडा. सगळ्या पिनांना ग्रीस द्या, जुनं काळं ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत. पाइपातून तेल झिरपतंय असं वाटलं तर हाताने चाचपू नका. बारीक छिद्रातून दाबाने येणारं तेल कातडीतून थेट आत शिरतं, आणि ती जखम दिसायला सुईएवढी असली तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो. पुठ्ठ्याचा तुकडा धरा, त्यावर डाग पडेल.

आणि एक काम मी आता न चुकता करतो. आठवड्यातून एकदा बकेट मोकळ्या जागी, जमिनीपासून थोड्याच उंचीवर, पालथी करतो म्हणजे दोन्ही रॉड पूर्ण बाहेर येतात. मग पातं जमिनीला टेकवून इंजिन बंद करतो. रॉड फडक्याने पुसतो आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारीक दोरी ताणून धरतो. वरून एकदा, बाजूने एकदा. दोरी आणि रॉड यांमध्ये मधोमध कुठे फट दिसते का ते बघायचं. वाकायला लागलेला रॉड आधी केसाएवढी फट दाखवतो, सीलजवळ एका बाजूने तेलाचा ओलसर पट्टा दिसतो, आणि चकचकीत मुलाम्यावर एकाच बाजूला ओरखडे येतात. एवढ्यावर तो रॉड खोलून लेथवाल्याकडे नेला तर फक्त सील बदलून भागू शकतं. माझ्या उजव्या जॅकच्या सीलजवळ तो ओलसर पट्टा त्या फेब्रुवारीच्या आधी महिनाभर दिसत होता. मी रोज फडक्याने पुसत होतो.